इतर, नमूद करा

मराठवाड्यातल्या आमच्या शहरातून जालना रोडनं चिकलठाण्याचं विमानतळ मागे टाकलं की कुंभेफळ, शेंद्रा, लाडगाव, करमाड ही गावं एकामागून एक लागतात. माझं सासर याच पट्ट्यातलं, आणि माझा धंदा म्हणजे इथे येणाऱ्या संशोधकांना माहिती गोळा करून देणं. गावात मला ‘सर्व्हेवाल्या ताई’ म्हणतात. कामाच्या पत्रावर कधी ‘फील्ड इन्व्हेस्टिगेटर’ लिहिलेलं असतं, कधी ‘प्रकल्प सहायक’, आणि पुष्कळदा पत्रच नसतं.

शेंद्र्यावर संशोधकांचा एवढा जीव का, हे उघड आहे. एका हमरस्त्याच्या दोन बाजूंना त्यांना हवं ते सगळं मिळतं. एमआयडीसी आहे, २००१ मध्ये स्कोडाच्या ऑक्टाव्हिया गाड्या इथे जुळायला लागल्या आणि मागोमाग सुटे भाग पुरवणारे आले. पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातलं ऑरिक हे औद्योगिक शहर आलं. त्याचा शेंद्र्याकडचा भाग सुमारे २,००० एकर आणि बिडकीनकडचा त्याच्या चौपट. ऑरिक हॉलचं उद्घाटन करायला सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधान आले होते, त्या दिवशी आमच्या बचत गटांच्या बाया बसगाड्या भरभरून सभेला गेल्या. जमीन गेलेले शेतकरी इथे आहेत, जमीन राहिलेले आहेत, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली पोरं आहेत, आणि चैत्रात मांगीरबाबाची जत्रा आहे. १९५८ सालचं आपलं विद्यापीठ शहराच्या दुसऱ्या टोकाला. सकाळी तिथून निघालेला पीएच.डी.चा विद्यार्थी चहाच्या वेळेला आमच्या पारावर हजर.

एम.ए.ला मला ‘संशोधन पद्धती’ हा पेपर होता. मूलभूत आणि उपयोजित, वर्णनात्मक आणि प्रायोगिक, संख्यात्मक आणि गुणात्मक, ऐतिहासिक, कृतिसंशोधन. प्रत्येकाची चार वैशिष्ट्यं आणि तीन मर्यादा. गाईडमधून पाठ केलं, लिहिलं, मार्क मिळाले. पण इतक्या जणांच्या हाताखाली काम केल्यावर माझी वर्गवारी वेगळी झाली आहे. समोरच्या माणसानं यांच्या चौकटीत न बसणारं काही सांगितलं, तर हे लोक त्याचं काय करतात, तेवढं मी बघते. तेवढ्यावरून संशोधन कुठल्या जातीचं ते कळतं.

सगळ्यात जास्त काम फॉर्मवाल्यांचं. अर्थशास्त्र, समाजकार्य, मॅनेजमेंट, कुठल्याही विभागाचा माणूस असो, त्याच्या हातात प्रश्नावली असते आणि शेवटच्या पर्यायाशी छापलेलं असतं: इतर, नमूद करा. त्यापुढे तीन शब्द मावतील एवढी रेघ. जमिनीच्या मोबदल्याच्या पाहणीत प्रश्न असायचा, ‘रकमेचा वापर कशासाठी केला?’ घर, जमीन, वाहन, लग्न, शिक्षण, कर्जफेड, इतर. एका वस्तीवरचे आजोबा म्हणाले, “वापरायला आधी हातात तर येऊ दे. बहिणींच्या सह्या बाकी हायेत. पैसा कोर्टात.” त्यांच्या वडिलांच्या नावची जमीन, बहिणींनी हक्कसोड केलेला नाही, वाटा मागितला, रक्कम न्यायालयात जमा. त्याआधीचा प्रश्न होता ‘मोबदला मिळाला का? होय / नाही’. या माणसाला मिळालाही होता आणि मिळालाही नव्हता. मी रेघेवर ‘बहिणींचा वाटा, कोर्ट’ एवढं बसवलं. पुढे संगणकावर माहिती चढवताना सगळे ‘इतर’ एका आकड्याखाली गेले असणार. नमूद केलेलं परत उघडून वाचणारा संशोधक मला क्वचित भेटला आहे.

म्हणून फॉर्मची पद्धत मी कमी लेखते असं नाही. पारावर बसून गावाची माहिती घेतली तर कुणीही सांगेल की मोबदला आला आणि सगळ्यांनी फॉर्च्युनर घेतल्या. घरोघर गेलं की गाड्या घेणारे मोजकेच निघतात. मला जास्त भेटले ते कर्ज फेडणारे आणि स्लॅब टाकणारे. जो मोठ्यानं बोलतो त्याच्याकडे न जाता यादीत ज्याचा नंबर येईल त्याच्याकडे जायचं, ही नमुना निवडीमागची शिस्त फार लोकशाहीची आहे. घरयादी करायची, पहिलं घर चिठ्ठीनं काढायचं, मग ठरलेल्या अंतरानं पुढे. घराला कुलूप असेल तर शेजारचं घर घ्यायचं नाही, परत यायचं. हा नियम नव्या पोरांना जाचक वाटतो. पण दुपारी दोन वाजता शेंद्र्यात जे घरी सापडतात तेच धरले तर निष्कर्ष असा निघेल की औद्योगिक वसाहतीच्या दारात कुणाला नोकरीच नाही.

खोल्यांचं आणखी अवघड. ज्यांच्याकडे थोडी जागा उरली त्यांनी रांगेनं खोल्या काढल्या. एकेका खोलीत पाच-सहा पोरं, शिफ्टप्रमाणे गादी बदलते. पाहणीच्या नियमात कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. आता एका खोलीत दोन शेगड्या, तिघं एकीकडे, एक दुसरीकडे, दोघांना बाहेरून डबा. कुटुंबं किती? सुपरवायझरला फोन लावला की तो म्हणतो, एक धरा. दुसरा सुपरवायझर म्हणतो, चार. दोघांचेही अहवाल पुढे छापले जातात आणि त्यात शेंद्र्याच्या सरासरी कुटुंबाचा आकार दशांश चिन्हासह असतो.

आणि तो डबा कुठून येतो? एका घरात मी बाईंना विचारलं, “तुम्ही काय काम करता?” त्या म्हणाल्या, “काही नाही, घरीच असते.” हे म्हणताना त्यांच्यासमोर स्टीलच्या डब्यांची रांग होती आणि पोळ्यांची चळत हातभर. राष्ट्रीय नमुना पाहणीत माणसाच्या कामाला संकेतांक असतात. घरकाम करणाऱ्या बाईचा ९२, घरकामाबरोबर घरच्या वापरासाठी शिवण, सरपण असलं करणाऱ्या बाईचा ९३. या बाईंच्या उत्तराप्रमाणे मी ९२ लिहायला हवं होतं. डब्यांचा हिशेब विचारला तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेगणिक काढलेल्या रेघा दाखवल्या. म्हणजे त्या स्वयंरोजगारात होत्या. एका उपप्रश्नानं बाई एका रकान्यातून दुसऱ्यात गेली. देशात बायकांचं काम आकड्यांत दिसत नाही यावर जाडजाड लेख निघतात. त्या लेखांचा कच्चा माल असा उंबऱ्यावर ठरतो. २०१९ मध्ये सरकारनं वेळेच्या वापराची पाहणी केली, तिची तऱ्हा निराळी. तिथे ‘काम करता का’ असं विचारत नाहीत. काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासानं काय केलं ते लिहितात. त्या पद्धतीत या बाईंच्या पोळ्या आपोआप वर आल्या असत्या. दोन्ही फॉर्मच, दोन्हीत आकडेच, पण विचारायची रीत बदलली की समोरचं माणूस बदलतं.

असल्या गावपाहणीला आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ मध्ये छापला. १७७१ मध्ये तिथली सरासरी धारणा ४० एकर होती आणि १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली, हे त्यांनी दाखवलं. यातला दुसरा आकडा दारोदार फिरून मिळेल. पहिला जुन्या दप्तरातूनच. म्हणजे एकाच पुस्तकात मोजणीदार आणि इतिहासकार दोघं बसलेले. आज त्या पिंपळे सौदागरात बारा-बारा मजली सोसायट्या आहेत. इरावती कर्वे म्हटलं की नातेसंबंध, ‘युगान्त’ आणि वारी आठवते, पण कोयना धरणानं उठवलेल्या माणसांची पाहणीही त्यांनी जाई निंबकरांबरोबर केली. डेक्कन कॉलेजनं ती १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. विस्थापितांवर काम करायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी ते पुस्तक बघायला सांगते. बहुतेक जण ‘हो मॅडम’ म्हणतात आणि नेटवरून परदेशी प्रश्नावली उतरवून आणतात. ‘तुमच्या परिसरातील उद्यानांबद्दल तुम्ही कितपत समाधानी आहात’ हा प्रश्न मी लाडगावच्या वस्तीवर विचारलेला आहे.

आणि ज्यांना दारोदार जावंच लागत नाही तेही आहेत. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर जे लिहिलं, त्यातली कितीतरी गणितं नमुना पाहणीच्या आकड्यांवर उभी होती. याला दुय्यम सामग्रीवरचं संशोधन म्हणतात. त्यात कमीपणा काहीच नाही. ते आकडे तसं वाचणारा माणूसही लागतो. एवढंच, की ते आकडे आधी कुणीतरी चपला झिजवून आणलेले असतात, आणि त्याला कधी दर महिन्याला पगार असतो तर कधी दर फॉर्ममागे पैसे. फॉर्ममागे पैसे दिले की पोरं झाडाखाली बसून फॉर्म भरतात हे या धंद्यातलं उघड गुपित आहे. आता टॅबलेटमध्ये ठिकाण नोंदलं जातं, मधूनच आवाज ध्वनिमुद्रित होतो. तरीही पोरं त्याच झाडाखाली, आळीपाळीनं एकमेकांना उत्तरं देतात. आकड्यांच्या संशोधनात पद्धतीइतकंच मजुरीचं कोष्टकही बघावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

कारखान्यातलं संशोधन मी बाजूला उभं राहून पाहिलं. माझे धाकटे दीर शेंद्र्यात एका पुरवठादाराकडे सीएनसी मशीनवर ऑपरेटर आहेत. तिथे इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी एम.टेक.च्या प्रकल्पासाठी आला. पोलादी बार टर्निंग करताना स्पीड, फीड, डेप्थ ऑफ कट आणि इन्सर्टचा नोज रेडिअस कसा ठेवला तर सरफेस फिनिश उत्तम येईल, हा त्याचा प्रश्न. चार गोष्टी, प्रत्येकीच्या तीन पातळ्या. सगळ्या जुळण्या करायच्या तर ८१ जॉब. जपानच्या तागुची यांच्या कोष्टकानं तेच ९ जुळण्यांत भागतं, आणि प्रत्येक पातळी बाकीच्या गोष्टींच्या प्रत्येक पातळीसमोर समान वेळा येते. एकमेकांवर होणारे परिणाम त्यात झाकले जातात, ती किंमत मोजून. मला हे फार आवडलं. आम्ही मात्र शंभर-शंभर घरं फिरतो.

दिरांना आवडलं नाही. ते म्हणाले, “आधी कमी स्पीडचे सगळे मारून घेऊ, मग जास्तीचे. सेटिंगचा वेळ वाचंल.” विद्यार्थ्यानं चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठीत येईल त्याच क्रमानं जॉब लावायला सांगितलं. कारण सरळ होतं. इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं टोक, झिजत जातो. जास्त स्पीडचे जॉब सगळे शेवटी घेतले तर झिजेचं पाप स्पीडच्या माथी बसेल. क्रम विस्कटला की झीज सगळ्यांच्या वाट्याला सारखी येते. घरयादीवरची चिठ्ठी आणि ही चिठ्ठी यांचा उद्देश वेगळा, पण दोन्हीकडे माणसाची सोय आणि आवड बाजूला ठेवायची असते, हे मला तिथे उभं राहून समजलं. पेपरात ‘यादृच्छिकीकरण’ लिहिलं होतं तेव्हा समजलं नव्हतं.

मग खरी गंमत झाली. एका जॉबला मशीनचा आवाज बदलला. दिरांचा हात आपसूक फीडच्या नॉबकडे गेला. विद्यार्थी ओरडला, “दादा, हात लावू नका!” दीर दोन दिवस घुश्शात होते. त्यांचं म्हणणं, जॉब खराब होतोय हे कानाला कळत असताना गप्प उभं राहायचं, हे कसलं शिक्षण? आणि विद्यार्थ्याचं म्हणणंही खोटं नव्हतं: त्यांनी नॉब फिरवला असता तर मोजमाप त्या जुळणीचं न होता दिरांच्या हाताचं झालं असतं. प्रयोगात कारण आणि परिणाम एकमेकांना बांधायचे असतात, त्यासाठी बाकीचं सगळं धरून ठेवायचं. त्यात सगळ्यात अवघड धरून ठेवायला शहाणा माणूस. चौकटीबाहेरचं जे काही घडेल त्याला इथे ‘त्रुटी’ म्हणतात. प्रत्येक जुळणी पुन्हा पुन्हा करून ती त्रुटी किती ते मोजतात आणि मोजून वेगळी काढतात. विद्यार्थ्यानं वहीत ‘आवाज’ अशी नोंद केली होती. त्याच्या सरांनी सांगितलं, कापण्याच्या आवाजावरून हत्याराची झीज ओळखणं हा स्वतंत्र विषय आहे, त्यावर जगभर काम चालतं, या प्रबंधात नको. ते बरोबरच होतं. दिरांना मी ते सांगितल्यावर त्यांचा राग गेला आणि त्यांनी विचारलं, “मग त्या कामाला माणूस पाहिजे का कुणाला?”

माणसांवर प्रयोग करायचा झाला की तुलनेचं गाव लागतं. पोषणाच्या एका प्रकल्पात मी तुलनेच्या गावात काम केलं, संस्थेचं नाव घेत नाही. एका गावात बायांना भेटी, मार्गदर्शन, वजनकाटा. दुसऱ्या गावात फक्त प्रश्न. दोन वर्षांनी पुन्हा तेच प्रश्न. “आमच्या गावाला काय भेटणार ताई?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण खरं उत्तर ‘काही नाही’ हेच होतं आणि प्रकल्पाची सगळी मांडणी त्या ‘काही नाही’वर उभी होती. प्रशिक्षणात आम्हाला गडचिरोलीचा दाखला देत. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं १९९५ पासून ३९ गावांत, गावातल्याच शिकवून तयार केलेल्या बायांकडून, नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली आणि ४७ तुलनेच्या गावांत बाळांचे जन्म-मृत्यू तितक्याच काटेकोरपणे मोजले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आले. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापलं गेलं आणि पुढे देशाच्या आरोग्य धोरणात उतरलं. ती ४७ गावं नसती तर कुणीही म्हटलं असतं, पाऊस चांगला झाला असेल, रस्ते आले असतील, बाळं आपोआप वाचली. हे मला पटतं. तुलनेच्या गावात बसून ते पटवून घेणं मात्र जड जातं. आमच्या प्रकल्पात निदान शेवटी त्याही गावाला वजनकाटा द्यावा असं मी सुचवलं होतं. बजेटमध्ये तो नव्हता.

मांगीरबाबाच्या जत्रेवर काम करणारी मुलगी आली तिच्याकडे फॉर्म नव्हता, चिठ्ठ्या नव्हत्या, आणि सुरुवातीला प्रश्नही नव्हता. मी विचारलं, “करायचं काय?” ती म्हणाली, “बसायचं.” आम्ही बसलो. जत्रेला अजून वेळ होता. नारळवाल्याकडे, देवळाच्या कट्ट्यावर, चहाच्या गाड्यावर. मला दिवसाचे पैसे मिळत होते आणि रिकाम्या हातानं ते घ्यायला लाज वाटायची. ती रात्री पानंच्या पानं लिहायची. कोण कुठे बसलं, कुणी कुणाला आधी चहा दिला, कुणाला कागदी कपात.

मांगीरबाबाला मातंग समाजाचे लोक लांबलांबून नवस फेडायला येतात. पाठीत गळ टोचून घेण्याच्या प्रथेवरून चळवळीतली माणसं, पोलीस आणि भाविक यांच्यात वाद आहेत. तिथे प्रश्नावली घेऊन गेलेल्याला दोनच उत्तरं मिळतात: श्रद्धा आहे किंवा आम्ही नाही करत. ही मुलगी महिनाभरानं एका घरात भाकरी थापायला बसली होती, तेव्हा तिथल्या मावशी आपसूक बोलायला लागल्या: नवस सासूचा होता, फेडायचा मात्र यांच्या नवऱ्यानं, कारण थोरल्यानं धर्म बदलला आणि तो आता येत नाही, पण गाडीभाडं तोच पाठवतो. आता हे कुठल्या रकान्यात घालणार? फॉर्मवाल्यानं ‘इतर’मध्ये टाकलं असतं, प्रयोगवाल्यानं त्रुटीत. हिनं तिथेच खुंटी ठोकली. पुढचं सगळं काम त्या गाडीभाड्याभोवती फिरलं: न येणारी माणसं जत्रेला काय पाठवतात. तिचा विषय त्या चुलीपाशी बदलला, आणि तिच्या पद्धतीत विषय असा बदलणं हेच काम नीट चालल्याचं लक्षण मानतात. तिच्या कामावरून ‘किती टक्के’ असं काही सांगता येणार नाही. तिला कुणी विचारलं की ती शांतपणे म्हणायची, “ते माझं काम नाही.”

तिच्यापुढे अडचण आली ती संमतीपत्राची. विद्यापीठाच्या नैतिकता समितीनं प्रत्येकाची लेखी संमती मागितली होती. हेतू चांगला, माणसाला न फसवण्याचा. पण ज्या पट्ट्यात सह्या आणि अंगठे देऊन जमिनी गेल्या तिथे कोरी रेघ दाखवली की माणसं खुर्ची मागे सरकवतात. “हे कामून पाहिजे? बोलू राहिलो ना आपण?” फॉर्मवाल्यांना हा अडथळा दोन मिनिटांचा, सही नाही तर पुढचं घर. हिच्या कामात तो महिन्याभराच्या ओळखीवर पाणी फिरवू शकत होता. शेवटी तोंडी संमती साक्षीदारासमोर नोंदवायची मुभा तिनं मिळवली, आणि साक्षीदार मी.

कागदपत्रांच्या संशोधकांबरोबर मी थोडंच राहिले, कारण उर्दू मला येत नाही आणि मोडी जेमतेम. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. जुनी दप्तरं या दोन लिप्यांत, आणि नंतरचं १९५४-५५ चं खासरा पत्रक, ज्याच्या नकलेसाठी मराठवाड्यात आजही रांगा लागतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हापासून तर अभिलेख कक्षात संशोधकाला खुर्ची मिळणं मुश्कील झालं. एका अभ्यासकाला मी पत्रकाची नक्कल वाचून दाखवत होते: अमुक गट, कसणारा म्हणून मालकाचंच नाव. मी म्हटलं, “सर, हे खोटं आहे. ही जमीन दुसऱ्याच घराकडे बटाईनं होती, सगळं गाव सांगतं.” मला वाटलं ते ती नोंद खोडतील. ते खूश झाले. १९५० चा हैदराबाद कूळ कायदा नुकताच आलेला, कसणाऱ्याला संरक्षण मिळणार, म्हणून मालकानं आपलं नाव लावून घेतलेलं असू शकतं. माझ्या फॉर्ममधलं खोटं उत्तर म्हणजे वाया गेलेला फॉर्म. यांच्याकडे खोटी नोंद हाच पुरावा, फक्त दुसऱ्या गोष्टीचा. त्यांचा प्रश्न कागदात काय लिहिलंय हा नव्हताच. कुणी, कुणाच्या सांगण्यावरून, कशाच्या भीतीनं लिहिलं, हा होता.

भाषेवर काम करणारा एक जण आला त्याची तऱ्हा याहून न्यारी. विहीर भूसंपादनात गेली त्याची कहाणी एक आजी डोळ्यांत पाणी आणून सांगत होत्या आणि हा क्रियापदांची रूपं टिपत होता. ‘करू राहिले’ म्हणतात की ‘करून राहिले’, एवढंच त्याला हवं. मला राग आला होता. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेनं बोलींचं असं सर्वेक्षण केलं आहे, त्याच्या ध्वनिफिती ऐकल्यावर तो राग बराच ओसरला. कुणाचंही भलं करण्याचा दावा नसलेलं संशोधनही लागतं. निदान ते कुणाला वजनकाट्याची आशा लावत नाही.

कृतिसंशोधनाबद्दल थोडक्यात, कारण बी.एड. केलेल्यांना त्यातली गोम माहीत आहे. दरवर्षी तोच ‘शुद्धलेखनातील चुका’, तीच पूर्वचाचणी, तीच उत्तरचाचणी, आणि गुण नेहमी वाढलेलेच. मात्र या पट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंनी ते खरंच केलेलं मी पाहिलं. परप्रांतीय कामगारांची मुलं वर्गात वर्षाच्या मध्येच येतात, मध्येच जातात. त्यांनी चित्रकार्डं केली, चालली नाहीत. मग त्यांनी हिंदी बोलणारं एकेक पोर मराठी पोराशेजारी बसवलं, आठवड्यानं पुन्हा जोड्या बदलल्या, पुन्हा बदलल्या. प्रयोगशाळेत मध्येच अटी बदलणं म्हणजे काम बाद; इथे चालत नाही म्हटल्यावर न बदलणं म्हणजे काम बाद. शेवटी कशामुळे फरक पडला हे बाईंना सांगता येत नव्हतं, आणि पोरं मराठीत भांडायला लागली होती.

हल्ली प्रकल्पांच्या जाहिरातीत ‘मिश्र पद्धती’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे फॉर्मही भरायचे आणि थोड्यांच्या सविस्तर मुलाखतीही घ्यायच्या. कल्पना उत्तम. प्रत्यक्षात फॉर्म आधी होतात आणि मुलाखती शेवटी, उरलेल्या पैशात, फॉर्ममध्ये जे सापडलं त्याला शोभतील अशा. नुकत्याच झालेल्या एका कामाच्या बैठकीत, शेंद्र्यातल्या बायकांच्या कमाईवरचं काम होतं ते, मी प्राध्यापक बाईंना म्हटलं की उलटं करून बघा. आधी काही दिवस नुसतं खोल्यांच्या रांगेत आणि डबे करणाऱ्यांच्या घरी बसू द्या, प्रश्न मग लिहा. त्यांनी ऐकलं. सगळं नाही, पण आठवडाभर दिला. त्या आठवड्यातून डब्यांचे तीन प्रश्न आले, खोलीभाड्याचे दोन, आणि कॅलेंडरवरच्या रेघा बघून नोंद घ्यावी अशी एक सूचना. फॉर्म लांबला. पूर्वी एका घराला पाऊण तास लागायचा, आता तास उलटून जातो. दर फॉर्ममागचे पैसे तेवढेच आहेत. आमच्या गटातली एक पोरगी परवा मला म्हणाली, “ताई, तुम्हीच हे लावलं ना? मग डब्यावाल्या सगळ्या तुमच्याकडे.”

तिच्या वाट्याची घरं मी घेतली. फॉर्मच्या दराबद्दल मात्र प्राध्यापक बाईंना मेल केला आहे.